चार जणांच्या हजेरीवर सही केली, म्हणून मी ‘पर्यवेक्षक’?

टाचणी

परवा इथे एका निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं: “विद्यापीठातले सहायक अधीक्षक, अधीक्षक, कक्षाधिकारी हे सगळे पर्यवेक्षकच. हाताखाली माणसं हवीत, खुर्ची हवी, आणि प्रसंग आला की ‘मी कामगार’ म्हणत लेबर कोर्टात जायचं, हे बंद झालं पाहिजे. नव्या कामगार संहितेनं ते होत असेल तर उत्तमच.” खाली पसंतीचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले. आज लिहितेय, लांब होईल.

मी एका खासगी अभिमत विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सतरा वर्षं होते. लिपिक म्हणून लागले. अकराव्या वर्षी ‘सहायक अधीक्षक’ असं पत्र हातात पडलं, पगार साडेनऊशे रुपयांनी वाढला. काम काय होतं? सकाळी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजून घ्यायचे, बारनिशीत नोंद करायची, गुणपत्रिका दुरुस्तीचे अर्ज तपासायचे, निकालाच्या दिवसांत रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत गुण भरत बसायचं. पत्राच्या आधी हेच आणि पत्राच्या नंतरही हेच. फरक एवढाच, की आमच्या ओळीतल्या चार जणांचं हजेरीपत्रक संध्याकाळी माझ्या सहीनं वर जायचं. त्यांच्यातल्या कुणाला अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा हवी असेल तर अर्जावर मी ‘शिफारस’ एवढंच लिहायचं. मंजूर-नामंजूर उपकुलसचिव ठरवणार. मेमो देणं, बदली करणं, कामावर घेणं, काढणं यातलं काहीही माझ्याकडे नव्हतं. एका मुलाची आई दवाखान्यात होती, त्याला मी म्हटलं, उद्या अकराला ये, चालेल. त्याबद्दल मलाच लेखी खुलासा द्यावा लागला.

मग एका वर्षी निकालाच्या दोन महिन्यांतल्या जादा कामाचे पैसे मागणारं पत्र आम्ही पाच जणांनी दिलं. पहिली सही माझी. तीन आठवड्यांत मला ‘आपल्या सेवेची आवश्यकता नाही’ आणि एका महिन्याचा पगार. बाकी चौघांनी सह्या मागे घेतल्या. घरदार असलेली माणसं, त्यांना मी दोष देत नाही.

लेबर कोर्टात गेले तर संस्थेचा पहिला मुद्दा: या वर्कमन, म्हणजे कायद्यातल्या ‘कामगार’ नाहीत, सुपरवायझर आहेत, म्हणून दावा इथे चालवूच नका. सहा वर्षं या एका मुद्द्यावर गेली. मला का काढलं, चौकशी केली होती का, यावर सहा वर्षांत एक अक्षर नाही. उलटतपासणीत विचारलं, “तुमच्या हाताखाली चार माणसं होती ना?” मी म्हटलं, होय. “त्यांच्या हजेरीवर तुम्ही सही करत होता?” होय. वकील खाली बसले. त्या दोन होकारांवर माझी सतरा वर्षं लिपिकाच्या रकान्यातून काढून पर्यवेक्षकाच्या रकान्यात टाकली गेली.

आता संहितेबद्दल. औद्योगिक संबंध संहिता २०२० ची आहे, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. पर्यवेक्षणाचं काम करणारा आणि महिना १८,००० पेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस तिच्यात ‘कामगार’ नाही. आकडा वाढत आलाय असं दिसतं: १९५६ मध्ये ५००, १९८४ मध्ये १,६००, २०१० मध्ये १०,०००, आता १८,०००. पण सातव्या वेतन आयोगात कनिष्ठ लिपिक रुजू होतो तेव्हाच त्याचं मूळ वेतन १९,९०० असतं. म्हणजे सरकारी वेतनश्रेणीतल्या लिपिकानं ती मर्यादा पहिल्या दिवशीच ओलांडलेली आहे. मग उरतो एकच शब्द. लिपिक म्हणून ऐंशी हजार घेतलेत तरी तुम्ही कामगार. पर्यवेक्षक म्हणून वीस हजार घेतलेत तर बाहेर. आणि हा शब्द कागदावर लिहिणार कोण? ज्याच्याशी उद्या भांडण होणार आहे तोच.

ज्यांनी ती पोस्ट लिहिली त्यांनी मला एवढं सांगावं: माझ्या त्या खुर्चीत कोणता अधिकार होता?

सेवानिवृत्त

ती पोस्ट माझीच. ताई, तुमच्यावर अन्याय झाला असेल, मी नाकारत नाही. पण एका उदाहरणावरून कायदा ठरत नाही.

मी चौतीस वर्षं सरकारी विद्यापीठात काढली, लिपिक ते उपकुलसचिव. तुमच्या संस्थेत सहायक अधीक्षकाला अधिकार दिले नसतील. आमच्याकडे अधीक्षक हाताखालच्या लिपिकाचा गोपनीय अहवाल लिहितो. त्या अहवालावर पदोन्नती आणि आश्वासित प्रगती योजना अवलंबून असते. जो अहवाल लिहितो आणि ज्याचा लिहिला जातो ते दोघे एकाच झेंड्याखाली, एकाच व्यवस्थापनाविरुद्ध. मग अहवाल कोणत्या निष्ठेनं लिहायचा? मी पाहिलंय: संघटनेच्या पदाधिकाऱ्याला ‘अत्युत्कृष्ट’, आणि मान खाली घालून काम करणाऱ्या मुलीला ‘साधारण’.

दुसरं. २०२३ च्या फेब्रुवारीत शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, ते सगळ्यांना आठवत असेल. मागण्या रास्त होत्या, हे मी तेव्हाही म्हटलं. पण त्याच्या कितीतरी आधीचा माझा अनुभव सांगतो. निकालाच्या आदल्या दिवशी आमचा अधीक्षक संपावर, स्ट्राँगरूमची चावी त्याच्या खिशात. खेड्यापाड्यातून आलेली मुलं दारात उभी. त्यांना मी काय सांगायचं होतं? जबाबदारीचं पद म्हणजे जबाबदारीच असते. विद्यापीठ म्हणजे कापडगिरणी नव्हे. न्या. गजेंद्रगडकरांनी १९६३ मध्येच दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात सांगितलं आहे की विद्यापीठ हा उद्योगच नाही, म्हणजे औद्योगिक कायदाच तिथे लागू नाही.

काळा कोट

वीस वर्षं लेबर कोर्टात दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, म्हणून दोघांनाही थांबवतो.

सर, १९६३ चा निकाल अर्धाच सांगितलात. ते प्रकरण दोन बसचालकांचं होतं. मुलींना नेणारी बस तोट्यात चालते म्हणून बंद केली आणि चालकांना घरी पाठवलं. शिक्षण हेच मुख्य काम, चालक-शिपायांचं काम गौण, म्हणून विद्यापीठ उद्योग नाही, असा तो तर्क होता. त्याच गजेंद्रगडकरांनी तीन वर्षं आधी, १९६० मध्ये, जे. जे. रुग्णालयातल्या वॉर्ड नोकरांच्या खटल्यात रुग्णालयाला उद्योग ठरवलं होतं. आणि दिल्लीचा निकाल २१ फेब्रुवारी १९७८ ला सात न्यायाधीशांनी रद्द केला. बंगळूर पाणीपुरवठा मंडळाचा खटला, न्या. कृष्ण अय्यर. १९८२ च्या दुरुस्तीत शैक्षणिक संस्था वगळायचं ठरलं होतं. ते कलम कधी लागूच झालं नाही. उद्योगाच्या व्याख्येचा प्रश्न २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला हे खरं, पण त्यामुळे १९६३ चा निकाल जिवंत होत नाही.

आता ताई. पदनामावर निकाल लागत नाही. १९६९ च्या आनंद बझार पत्रिकेच्या खटल्यातला माणूस प्रॉव्हिडंट फंड विभागाचा प्रमुख होता, हाताखाली कारकून होते, तरी सुप्रीम कोर्टानं त्याला लेखनिकी कामगारच धरलं. १९८५ चं सिबा गायगीचं प्रकरण तर आपल्या मुंबईचं: कामं अनेक असली तर मूळ काम कोणतं ते बघा, जोडीला आलेल्या कामांवर जाऊ नका. आणि ‘आधी वर्कमन आहे का ते ठरवा’ म्हणत वर्षं काढण्याच्या डावपेचावर कोर्टानं १९८३ मध्ये डी. पी. माहेश्वरी प्रकरणात कडक ताशेरे ओढले. तो हिशेबनीस १९६९ मध्ये काढलेला होता. चौदा वर्षं तो कामगार आहे की नाही यातच गेली.

पण एक कटू गोष्ट. आपण वर्कमन आहोत हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर असतं. १९९४ च्या सँडोझ प्रकरणात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की ‘मी मॅनेजर नाही’ एवढं पुरत नाही, कायद्यात लिहिलेल्या कामांपैकी एखाद्यात तुमचं काम बसलं पाहिजे. तुम्ही ‘होय’ म्हणालात, ठीक. पण फेरतपासणीत ते ‘शिफारस’ लिहिलेले रजेचे अर्ज का आले नाहीत?

टाचणी

कारण अर्ज संस्थेच्या कपाटात. हजर करा म्हणून अर्ज दिला, उत्तर आलं, ‘जुना अभिलेख नष्ट केला आहे’. तुम्ही विचारताय ते सोपं आहे. मी तेव्हा दुपारी शिकवण्या घेत होते आणि तारखेला रिक्षाचे पैसे मोजत होते.

काळा कोट

मग प्रतिकूल अनुमान काढावं, म्हणजे न दाखवलेला कागद संस्थेच्या विरुद्धच जाणारा होता असं धरावं, असा युक्तिवाद व्हायला हवा होता. तो झाला नसेल तर चूक वकिलाची, तुमची नाही. माझा सूर चुकला.

तासिका

वाचतोय सगळं. अधीक्षक कामगार आहे की नाही यावर तुम्ही सुप्रीम कोर्टाचे निकाल काढताय. ठीक. पण जे वर्गात शिकवतात त्यांचं काय? मी नेट उत्तीर्ण, पीएच.डी., बारा वर्षं तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, तेही सत्र उलटल्यावर. दिवाळी बिनपगारी, उन्हाळा बिनपगारी, आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत, त्याच टेबलासमोर, त्याच माणसांसमोर. बारा वर्षांत बारा नेमणूकपत्रं. मला उद्या नको म्हटलं तर कोणत्या कोर्टात जाऊ? लेबर कोर्ट म्हणतं शिक्षक कामगार नाही. विद्यापीठ न्यायाधिकरण म्हणतं तू कायम नाहीस. टाचणीताई, तुम्हाला निदान सहा वर्षं भांडायला एक दार होतं.

सेवानिवृत्त

हा विषय वेगळा आहे. शिक्षकाला कामगार म्हणणं हा शिक्षकाचाच अपमान.

तासिका

अपमान? सर, गेल्या दिवाळीत माझ्या मुलीनं विचारलं, बाबा, तुमच्या कॉलेजला सुट्टी आहे तर मग पैसे का नाहीत. तो अपमान मला चालतो का? ‘गुरू’ म्हणायचं आणि तासाप्रमाणे मोजायचं. बांधकामावरचा गवंडी रोजंदारीवर असतो, त्याला निदान कुणी हात जोडून ‘आपण समाजाचे शिल्पकार’ म्हणत नाही.

मांडवी

‘शिक्षक कामगार नाही’ असं तासिका म्हणतात, तो निकाल आमच्या गोव्यातला. ए. सुंदरम्बाळ, पणजीजवळच्या करंजाळेच्या एका मिशनरी शाळेतल्या शिक्षिका. १९७५ मध्ये नोकरीवरून काढलं. गोवा सरकार म्हणालं, शिक्षिका वर्कमन नव्हे, म्हणून तंटा कोर्टाकडे पाठवणारच नाही. उच्च न्यायालयानं तेच मान्य केलं, आणि जुलै १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही. शाळा हा उद्योग आहे हे त्याच निकालात मान्य आहे, हे लक्षात घ्या. उद्योगात काम करते, पण कामगार नाही. शिकवणं हे शारीरिक नाही, लेखनिकी नाही, तांत्रिक नाही, कुशल कामही नाही, असं म्हटलं. माझी आत्या चाळीस वर्षं म्हापशाकडे पहिलीला शिकवत होती. तीस पोरांना पाटीवर अक्षर गिरवायला लावणं हे कुशल काम नव्हे तर मग कुशल काम तरी कोणतें?

काळा कोट

मांडवी बरोबर आहेत. आणि त्याच निकालात न्यायालयानं हेही म्हटलं होतं की शिक्षकांसाठी अशी यंत्रणा कायद्यानं करावी. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत तसं झालंही. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षक त्या कायद्यात बसत नाहीत म्हटलं, २००९ मध्ये संसदेनं व्याख्या बदलली आणि १९९७ पासून मागे जाऊन लागू केली. म्हणजे मनात आणलं तर चार ओळींत होतं. नोकरीच्या संरक्षणासाठी तसं कुणी केलं नाही.

तासिका

नाही केलं, कारण आम्ही संपावर गेलो तर सप्टेंबरात दुसरा नेट-सेट पास मुलगा रांगेत उभाच असतो. माझ्याच हाताखाली शिकलेला.

सेवानिवृत्त

तुम्ही प्रत्येक गोष्ट पगारावर आणता. पदं मंजूर होत नाहीत, तो शासनाचा निर्णय. विद्यापीठाला किंवा प्राचार्यांना शिव्या घालून काय होणार? मी स्वतः पदभरतीचे प्रस्ताव सातदा पाठवले आहेत, फाईल मंत्रालयातून परत. आणि स्पष्ट बोलायचं तर तासिकेवरचे कित्येक जण तीन-तीन महाविद्यालयांत तास घेतात आणि कुठेच धड शिकवत नाहीत.

तासिका

तीन ठिकाणी तास घेतो कारण एका ठिकाणी पोट भरत नाही! सकाळी साडेसातला एका गावात, अकराला पस्तीस किलोमीटरवर, दुपारी परत. एसटी चुकली की तास बुडाला, तास बुडाला की पैसे बुडाले. हे ‘धड न शिकवणं’ तुम्ही एसी केबिनमधून पाहिलंत का? माझे शब्द जड वाटले तर वाटोत. मी मागे घेणार नाही.

टाचणी

तासिकादादा, तुमचं दुःख खोटं कोण म्हणतंय? पण माझा प्रश्न त्याखाली पुरला गेला. सेवानिवृत्त सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

तासिका

प्रश्न एकच आहे ताई. तुम्हाला ‘मोठ्या’ म्हणून बाहेर काढलं, मला ‘पवित्र’ म्हणून.

मनुष्यबळ

मी एका खासगी विद्यापीठात एचआरमध्ये आहे. टाचणींशी मी पूर्ण सहमत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पदनामांची फेररचना झाली. ‘कार्यालयीन सहायक’चे ‘एक्झिक्युटिव्ह’ झाले, ‘प्रयोगशाळा सहायक’चे ‘लॅब सुपरवायझर’, वसतिगृहातल्या जुन्या बाईंना ‘असिस्टंट मॅनेजर, हाउसकीपिंग’. लोक खूश झाले, पेढे वाटले. व्हिजिटिंग कार्ड छापून मिळालं. बैठकीत सल्लागारांनी कारण सांगितलं तेव्हा मी तिथे होतो: वादाचा प्रसंग आला तर ‘एक्सपोजर’, म्हणजे संस्थेची कायदेशीर जोखीम, कमी राहतं. मी टिपण काढलं. पत्रांवर माझी आद्याक्षरं आहेत.

तरीही दुसरी बाजू आहे. आमच्याकडे काही अधीक्षक खरोखर अधिकार वापरतात: कंत्राटी मुलांना ठेवायचं की नाही हे त्यांच्या एका फोनवर ठरतं. त्यांना कामगार म्हणणं मला पटत नाही.

टाचणी

मलाही पटत नाही! जो फोनवर माणूस काढतो तो पर्यवेक्षक नाही, तो व्यवस्थापन आहे. त्याला बाहेर ठेवा. मी फोनबद्दल बोलत नाहीये. त्या वसतिगृहातल्या बाईंबद्दल बोलतेय. त्या अजून चादरी मोजतात ना?

मनुष्यबळ

मोजतात.

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनकडे असतो, एका खासगी विद्यापीठात प्रयोगशाळा सांभाळतो. इथे हा वाद फार जुना आहे आणि त्याचे परिणाम तुमच्याकडच्यापेक्षा कडक आहेत. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं सुपरवायझर कामगार कायद्याच्या बाहेर गेले. बारा अधिकारांची यादी आहे: कामावर घेणं, काढणं, बदली, बढती, शिस्त लावणं, काम वाटून देणं, जबाबदारीनं दिशा देणं वगैरे. त्यातला एक जरी अधिकार तुम्ही स्वतःच्या निर्णयबुद्धीनं मालकाच्या वतीनं वापरत असाल तरी बाहेर. आणि बाहेर म्हणजे युनियन केली म्हणून नोकरी गेली तरी त्या कायद्याचं संरक्षण नाही. १९८० मध्ये येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निकालानं पूर्णवेळ प्राध्यापकच ‘मॅनेजर’ ठरले, कारण अभ्यासक्रम, प्रवेश, गुणदान ते ठरवतात. तासिका, तुमचे अमेरिकेतले भाऊ पवित्र म्हणून नाही, मालक म्हणून बाहेर गेले.

माझ्या पदनामात ‘मॅनेजर’ आहे. दोन विद्यार्थ्यांना सेंट्रिफ्यूज कधी वापरायचं ते मी सांगतो. इथे पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधक) आणि कर्मचाऱ्यांची युनियन उभी राहत होती तेव्हा मला युनियनचं कार्ड भरू नकोस म्हणून सांगण्यात आलं. भरलं नाही. आजवर खटकतं.

सेवानिवृत्त

अमेरिकेचे दाखले इथे कशाला? तिथला प्राध्यापक आणि इथला कक्षाधिकारी यांचा काय संबंध?

चार्ल्सकाठ

संबंध आहे, कारण त्याच देशात तुमच्या प्रश्नाचं उत्तरही आहे. सरकारी विद्यापीठांना तो केंद्रीय कायदा लागू नाही, राज्याचे कायदे असतात. कॅलिफोर्नियानं १९७९ पासून उच्च शिक्षणासाठी वेगळा कायदा लागू केला. त्यात सरळ लिहिलंय की ज्याचं काम हाताखालच्या माणसांच्या कामासारखंच आहे, तो सुपरवायझर नाही. विभागप्रमुखसुद्धा विभागाच्या वतीनं ही कामं करत असेल तर केवळ तेवढ्यावरून सुपरवायझर ठरत नाही. टाचणीताई गठ्ठे मोजत होत्या, त्यांच्या ओळीतले चौघेही गठ्ठे मोजत होते. त्या वाक्यात हा खटला एका दुपारी संपला असता.

काळा कोट

हे वाक्य आमच्या संहितेत हवं होतं. आमच्याकडे ते निकालपत्रांतून शोधून काढावं लागतं आणि प्रत्येक वेळी नव्यानं सांगावं लागतं. सेवानिवृत्त सरांच्या धास्तीबद्दल एवढंच: पर्यवेक्षक ठरला म्हणून माणूस युनियनमधून बाहेर पडत नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात तशी अट नव्हती. तुमचा तो चावीवाला अधीक्षक पर्यवेक्षक ठरला असता तरी संघटनेत राहिलाच असता. जातं ते लेबर कोर्टाचं दार. म्हणजे ज्या रोगावर तुम्ही औषध सुचवताय तो रोग या औषधानं बरा होत नाही.

सेवानिवृत्त

हा मुद्दा मला माहीत नव्हता. गोपनीय अहवालाचा प्रश्न तरीही उरतोच, आणि त्यावर तुमच्यापैकी कुणीच बोललेलं नाही.

बांधावरून

मी आजवर फक्त वाचत आलो. आमचे वडील एका कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर रोजंदारीवर होते. कायद्यानं सलग नोकरी धरायला लागणारे वर्षाचे दोनशे चाळीस दिवस भरू नयेत म्हणून मधेच ब्रेक द्यायचे, हे आम्हाला शाळेत असतानाच ठाऊक. वडील ब्रेकला घरी आले की आई कण्या शिजवायची. नंतर त्यांना मुकादम केलं. मुकादम म्हणजे काय, तर सकाळी वहीत बारा जणांची नावं लिहायची आणि मग त्या बारा जणांबरोबर तेराव्या सरीत खुरपं घेऊन बसायचं. उन्हात पाठ त्यांचीही तेवढीच भाजायची. जोडीच्या मजुरांनी कायम करा म्हणून तक्रार केली तेव्हा आमच्या वडिलांना सांगितलं, तू त्यांच्यात नाहीस, तू सुपरवायझर. मजूर म्हणायचे तू साहेबांचा, साहेब म्हणायचे तू मजूर. वडील गेले तेव्हा खुरपं दारामागं होतं, वही कपाटात. ती वही अजून आहे.

सेवानिवृत्त साहेब, तुम्ही अहवालाचं म्हणता. आमच्या वडिलांनी वहीत बारा हजेऱ्या लिहिल्या, त्या कुणाच्या पदोन्नतीसाठी नव्हत्या. त्या बारा जणांना संध्याकाळी पैसे मिळावेत म्हणून होत्या.

काळा कोट

कृषी विद्यापीठांच्या मजुरांच्या बाबतीत २००१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आडवा येतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठ विरुद्ध नाशिक जिल्हा शेत कामगार युनियन. मंजूर पदंच नाहीत, मग वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही कायद्यातली ‘अनुचित कामगार प्रथा’ कशी, असं त्यात म्हटलं. त्याच्या काही वर्षं आधी पुण्याच्या वनखात्यातल्या मजुरांच्या खटल्यात नेमकं उलट झालं होतं: तिथे वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवल्याबद्दल मजुरांना न्याय मिळाला. आम्ही दोन्ही निकाल घेऊन उभे राहतो आणि न्यायाधीश कोणता आधी वाचतात ते बघतो.

तासिका

बांधावरून, तुमचं वाचून मगाशी गवंड्याबद्दल जे लिहिलं त्याची लाज वाटली. गवंड्याला हिणवायचा हेतू नव्हता.

सेवानिवृत्त

मुकादमाचा विषय मी माझ्या पोस्टमध्ये धरलाच नव्हता. मी कार्यालयीन पदांबद्दल लिहिलं होतं. मुकादम पर्यवेक्षक नाही, हे मान्य. ताईंचं प्रकरणही त्यांनी सांगितलं तसंच असेल तर तिथे पद होतं, अधिकार नव्हता, हेही मान्य करतो. पण गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या अधीक्षकाबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि बदलणार नाही.

टाचणी

एवढं लिहिलंत, त्याची नोंद घेते. अहवाल लिहिणाऱ्याबद्दल माझंही उत्तर आहे, ते वेगळं लिहीन. अहवालात कुणी ‘साधारण’ लिहिलं तरी ते बदलायचा अधिकार वरच्या पुनर्विलोकन अधिकाऱ्याकडे राहतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

बांधावरून

वकीलसाहेब, एक विचारू का? आता माझा थोरला भाऊ तिथेच मुकादम आहे. त्याची तक्रार चालू आहे आणि १४ तारखेला त्याची साक्ष. विरुद्ध बाजूचं तेच म्हणणं, हा सुपरवायझर. काय न्यावं बरोबर?

काळा कोट

त्याच्या स्वतःच्या हातच्या वह्या, पगाराची पावती, नेमणुकीचं पत्र असेल तर ते. त्याच्याबरोबर सरीत काम केलेला एक साक्षीदार, शक्यतो आता नोकरीत नसलेला. आणि तुमच्या वकिलांना माझ्याशी बोलायचं असेल तर जरूर बोलू द्या. पैशांचा विषय नको.

सेवानिवृत्त

मी काही वर्षं एका प्रक्षेत्राचा हिशेब पाहिला आहे. प्रत्येक गटाची दैनिक कामाची नोंदवही असते. त्यात कोणत्या गटात किती माणसं, कोणतं काम, हे रोज लिहितात. मुकादमाचं नाव जर मजुरांच्याच यादीत, त्याच कामासमोर येत असेल तर तेच पुरावा आहे. माहिती अधिकारात मागितली तर तीस दिवस जातील. कोर्टातच हजर करण्याचा अर्ज द्या, आणि अर्जात नोंदवहीचं नेमकं नाव आणि वर्ष लिहा. मोघम लिहिलं की ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. ते उत्तर कसं तयार होतं ते मला माहीत आहे.

बांधावरून

आज रात्रीच भावाला फोन करतो. साहेब, आभारी आहे.

टाचणी

भावाला अजून एक सांगा. “हाताखाली माणसं होती का?” असं विचारतील. नुसतं ‘होय’ म्हणून थांबायचं नाही. “होय, बारा होती, आणि मी त्यांच्याच ओळीत तेरावा खुरपत होतो,” असं पूर्ण वाक्य बोलायचं, मधे कुणी अडवलं तरी.